‘चित्रमंदिर’ची जुनी निऑन पाटी: काच वाचेल का, की सगळं नव्यानं करावं लागेल?

वेशीपाशी

गावातलं जुनं एकपडदा थिएटर पुन्हा उघडतंय, या वेळी नाटकं, सभा आणि अधूनमधून सिनेमा यांसाठी. दर्शनी छज्जावर अँगलच्या चौकटीवर उभी पाटी आहे: पत्र्याची पेटी आणि तीवर निऑनमध्ये ‘चित्रमंदिर’. ती उतरवून एलईडीचा बोर्ड लावावा असं काहींचं म्हणणं आहे, पण बहुतेकांना तीच पाटी पेटलेली हवी आहे. वर्गणीची पावती फाडण्याआधी काम नेमकं किती आहे ते समजून घ्यायचं आहे.

पेटी 14 फूट बाय साडेतीन फूट. अक्षरं लाल, दोन फूट उंच, नळी 12 मिमीच्या आसपास. वरून आणि खालून एकेक निळी रेघ, तिची नळी थोडी जाड. पेटीत तीन ट्रान्सफॉर्मर. दोघांवरची पट्टी वाचता येते: आत 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ; बाहेर 10,000 व्होल्ट, 30 मिलिअँपिअर. तिसऱ्यातून डांबर ओघळून सुकलंय.

वायरमनने पाच मिनिटं चालू करून पाहिली. ‘चि’ आणि ‘त्र’ पूर्ण काळे. ‘मं’ लुकलुकतो. ‘दि’ आणि ‘र’ स्वच्छ लाल. वरची निळी रेघ ठीक, खालची उजवीकडे निळी आणि डावीकडे फिकट गुलाबी.

यातली काच किती वाचेल? देवनागरी अक्षर नव्यानं वाकवायचं झालं तर काय काळजी घ्यायची? पत्र्याचं आणि परवानगीचं काय?

विद्युतसखा

सगळ्यात आधी: पाटी पुन्हा चालू करू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. मेन स्विच काढून कुलूप लावा. घरातल्या आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर) इथे विसंबता येत नाही. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम, म्हणजे 10,000 व्होल्टची बाजू 230 व्होल्टच्या बाजूपासून विजेच्या दृष्टीनं वेगळी असते, त्यामुळे 10,000 व्होल्टची तार पत्र्याला ठिणग्या मारत असली तरी आरसीसीबीला त्याचा पत्ता लागत नाही आणि तो पडत नाही. जुन्या निऑनच्या आगी बहुधा अशाच लागतात: आधी ठिणगी, मग तिनं जळून उमटलेली कोळशाची वाट, मग पेटीतलं चिमणीचं घरटं.

आता लक्षणांकडे. निऑनच्या नळ्या ट्रान्सफॉर्मरवर एकामागोमाग एक, मालिकेत जोडलेल्या असतात. मालिका कुठेही तुटली की तीवरची सगळी अक्षरं जातात. ‘चि’ आणि ‘त्र’ एकदम काळे आहेत, म्हणजे ते दोघे एका ट्रान्सफॉर्मरवर आहेत आणि बिघाड एकच असण्याची शक्यता मोठी आहे. कदाचित एक नळी तडकली असेल, कदाचित एकही नाही, नुसती तार तुटली असेल किंवा ट्रान्सफॉर्मर मेला असेल. दोन अक्षरं गेली असं धरून अंदाजपत्रक करू नका.

‘मं’चं कोडं जास्त बोलकं आहे. ‘मं’, ‘दि’, ‘र’ एका मालिकेत असतील तर तिघांतून एकच प्रवाह जातो. सांधा सैल असता तर तिघेही लुकलुकले असते. एकटा ‘मं’ लुकलुकतो, म्हणजे एकतर त्या नळीतला गॅस कमी किंवा अशुद्ध झालाय, नाहीतर त्या नळीला वळसा घालून प्रवाह पत्र्यातून पुढे पळतोय. दुसऱ्या प्रकारात काचेचा काही दोष नसतो. पावसाळी हवेत लुकलुकणं वाढतं का, हे विचारून घ्या.

निळ्या रेघेतला गुलाबी भाग म्हणजे पाऱ्याचा अभाव. निळ्या नळीत आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब असतो. निळा उजेड पाऱ्याच्या वाफेचा. पारा एका टोकाला जमला की दुसरीकडे नुसता आर्गॉन उरतो आणि तो फिकट जांभळट-गुलाबी दिसतो. नळी उतरवून तिरपी धरायची, थेंब गुलाबी टोकाकडे सरकवायचा आणि मग कार्यशाळेत काही तास पेटती ठेवायची. बऱ्याचदा एवढ्यानं रंग परत येतो.

तपासणी जमिनीवर करायची, या क्रमानं.

नळ्या: हातात धरायचा उच्चवारंवारता टेस्टर, म्हणजे छोटी टेस्ला कॉइल, नळीजवळ न्या. जिवंत नळी तारेला न जोडताही तिच्या रंगात उजळते. आत हवा शिरली असेल तर उजेड येत नाही, आणि सुईएवढं भोक असेल तर बाहेरची ठिणगी त्या एका बिंदूकडे ओढली जाऊन पांढरी टोचते. टेस्टर एका जागी धरून ठेवू नका, पातळ काचेला त्यानंच भोक पडतं.

ट्रान्सफॉर्मर: पुरवठा पूर्ण तोडून साध्या मल्टिमीटरनं दुय्यम बाजूच्या दोन्ही टोकांपासून बॉडीपर्यंतचा रोध मोजा. दुय्यम गुंडाळीचा मध्यबिंदू बॉडीला जोडलेला असतो, म्हणून दोन्ही आकडे हजारो ओहममध्ये आणि जवळपास सारखे यायला हवेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे एका बाजूचे वेढे आपसात जोडले गेलेत. प्राथमिक, म्हणजे 230 व्होल्टच्या बाजूला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून बॉडीशी इन्सुलेशन बघा. डांबर ओघळलेला ट्रान्सफॉर्मर आज चालत असला तरी काढून टाका. डांबर वितळलं म्हणजे आत बरीच उष्णता झाली होती आणि आता तिथे पोकळी आहे. पोकळीत दमट हवा जाते.

चालू स्थितीत दुय्यम बाजूला साधा मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. निऑनसाठीचा मिलिअँपिअर मीटर असतो, तो पुरवठा बंद असताना मालिकेत जोडायचा आणि मग दुरून स्विच द्यायचा. 30 मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर जोडणी बरोबर असेल तर 24 ते 26 दिसतात. 20च्या खाली आकडा आला तर नळी जास्त आणि ट्रान्सफॉर्मर लहान, असा अर्थ.

तारा सगळ्या नव्या घाला. ओझोननं जुन्या रबराला बारीक चिरा गेलेल्या असतात, त्या दिसोत न दिसोत. 15 किलोव्होल्टची सिलिकॉन इन्सुलेशनची निऑन केबल घ्या आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा. दोन उच्चदाब तारा एका पाइपातून नेऊ नका. लोखंडी पाइपातून लांब अंतर टाळा: तार आणि पाइप मिळून कपॅसिटर बनतो आणि इन्सुलेशन आतून पोखरलं जातं. अमेरिकी विद्युत संहितेत ही मर्यादा 6 मीटर आहे, ती आपणही पाळावी. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे काचेची किंवा चिनीमातीची नळी हवीच. नळी आणि पत्रा यांत कुठेही 6 मिमीपेक्षा कमी अंतर नको.

पेटी, चौकट, ट्रान्सफॉर्मरची बॉडी, सगळं तांब्याच्या स्वतंत्र तारेनं अर्थिंगला बांधा. बाहेर, खालून हात किंवा काठी पोचेल असा लाल फायरमन स्विच (आगीच्या वेळी पाटीची वीज तोडणारा) बसवा.

काचनळी

विद्युतसखांनी निळ्या नळीचं सांगितलं, लाल नळीबद्दल मी ठासून सांगते. लाल निऑन म्हणजे साधी पारदर्शक काच आणि शुद्ध गॅस. आत पारा नाही, पांढरा थर नाही. इलेक्ट्रोडचा (नळीच्या टोकाला प्रवाह आत नेणाऱ्या धातूच्या भागाचा) सांधा पक्का असेल तर ती नळी कित्येक दशकं चालते, आणि गॅस संपला तरी तीच काच पुन्हा भरता येते. निळ्याचं तसं नाही. पाऱ्यानं आतली बाजू डागाळली असेल तर ती तापवून पुन्हा भरण्यात अर्थ नसतो, रंग मळकटच येतो. तिथे नवी नळी करावी लागते. म्हणून लाल अक्षरं प्राणपणानं जपा.

उतरवण्याआधी छाप घ्या. हे काम लोक घाईत टाळतात आणि मग पस्तावतात. अक्षरावर ट्रेसिंग पेपर धरून मऊ पेन्सिलीनं नळीचा मध्य आखा, दोन्ही इलेक्ट्रोडच्या जागा, प्रत्येक आधाराची जागा आणि काळा रंग कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते टिपा. काच वाकवणारा कारागीर अक्षर पालथं घालून काम करतो: पुढची बाजू कागदावर टेकलेली, मागची वळणं वर उचललेली. म्हणजे त्याला नकाशा उलटा लागतो, आरशात दिसेल तसा. रोमन लिपीत निम्मी अक्षरं उलटी-सुलटी सारखी दिसतात, चूक लगेच भोवत नाही. आपल्याकडे ‘चि’ उलटा केला की ऱ्हस्व वेलांटी दीर्घ होऊन बसते, आणि कारागिराला मराठी वाचता येत नसेल तर तो तसंच बनवून देईल. छापाच्या प्रत्येक कागदावर एका बाजूला ‘पुढून’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मागून’ असं ठळक लिहा आणि पुढून काढलेला फोटो सोबत द्या.

पाटीच्या मागून वाकून एकदा नीट बघा. प्रत्येक अक्षर एका सलग नळीचं असतं. जिथे रेघ दिसायला नको तिथे नळी मागे वळवून तिला काळा रंग दिलेला असतो. ‘मं’चा अनुस्वार बघा: बारीक गोल वळण, आणि शिरोरेघेपासून तिथवर गेलेले दोन काळे केलेले तुकडे. ‘त्र’मध्ये तिरपी रेघ दांड्याला कुठून फुटते, शिरोरेघ अक्षरागणिक तुटते की सलग जाते, हे त्या कारागिराचे निर्णय आहेत. अक्षराचं वळण म्हणतात ते यातच असतं. नवं अक्षर करावं लागलं तर संगणकातला तयार फाँट देऊ नका, जुन्या नळीचा मार्गच पुन्हा काढा. दोन अक्षरांच्या शिरोरेघांमध्ये 6-8 मिमीची फट असली तरी रस्त्यावरून ती दिसत नाही, उजेड मिसळून जातो. ती फट बुजवायला नळ्या एकमेकींना टेकवल्या तर मात्र वाऱ्यानं घासून तडा जातो.

उतरवताना दोन माणसं. आधी इलेक्ट्रोडवरची टोपणं आणि स्प्रिंग सोडवा. आधारांवरची तांब्याची तार उलगडत बसू नका, कापा. उलगडताना पडणारा पीळ काचेवर जातो. प्रत्येक नळीला दोन ठिकाणी कागदी पट्टी लावून क्रमांक आणि ‘वर’चा बाण. लाकडी खोक्यात फोमच्या खाचा करून नळ्या उभ्या ठेवा, पाटीवर असतात तशाच. आडव्या एकावर एक रचू नका.

धुताना काळ्या रंगाच्या भागाला हात लावू नका. आधी मऊ कोरडा ब्रश, मग डिस्टिल्ड पाण्यात साध्या सौम्य साबणाचे दोन थेंब, मग कोरडं फडकं. पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्यानं भिजवून काढायची, खरवडायची नाही. जुना काळा रंग पापुद्र्यांनी सुटत असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला करून काढा आणि कचरा वेगळा बांधा.

आता तडकलेली नळी. तडा इलेक्ट्रोडपाशी असेल तर तेवढा तुकडा कापून नवा इलेक्ट्रोड जोडता येतो, अक्षर तसंच राहतं. पण जोड देण्याआधी काच कुठली ते ओळखा. निऑनला शिशाची काच वापरतात, तशीच सोडा-चुन्याचीही. तुकडा पिवळ्या, कमी हवेच्या ज्योतीत धरला की शिशाची काच काळी पडते, सोड्याची पडत नाही. दोन वेगळ्या काचांचा सांधा थंड होताना वेगवेगळा आकसतो आणि आज नाही तर महिन्याभरात चिरतो. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट नळी तर अजिबात चालणार नाही.

गॅस भरणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारा, उत्तरांवरून त्याचा हात कळतो. व्हॅक्यूमवर नळी जोडून बंबार्डिंग (मोठा प्रवाह सोडून नळी तापवून आतून साफ करणं) करताना काच किती तापवता? 225 ते 250 अंश सेल्सिअस हवं. वर्तमानपत्राची पट्टी काचेवर ठेवली तर ती तपकिरी झाली पाहिजे. इलेक्ट्रोडची लोखंडी टोपी नारिंगी-लाल होईपर्यंत तापवता का? तिच्या आतला कार्बोनेटचा लेप तेव्हाच ऑक्साइडमध्ये बदलतो आणि त्यातून निघालेला वायू पंपानं बाहेर ओढावा लागतो. तो आत राहिला तर नळी पहिल्या दिवशी छान दिसते आणि चार महिन्यांत टोकं काळी पडून लुकलुकायला लागते. गॅस भरण्याआधी नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबता का? गरम नळीत मोजलेला दाब थंड झाल्यावर कमी भरतो. 12 मिमीच्या लाल नळीला साधारण 12 टॉर (टॉर हे दाबाचं एकक), जाड नळीला थोडा कमी.

परत आलेल्या अक्षराचा रंग बघा. शुद्ध निऑन नारिंगीकडे झुकणारा लाल असतो. गुलाबट किंवा फिकट झाक असेल तर आत अशुद्धी आहे, परत पाठवा.

पत्रा_आणि_रंग

पेटीबद्दल थोडक्यात.

रंगाचा खरवड-नमुना घ्या. सावलीतला, पावसापासून बचावलेला कोपरा निवडा, तिथे नाण्याएवढा गोल 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून हळूहळू घासा. रंगाचे थर झाडाच्या वर्तुळांसारखे एकामागे एक दिसतात. सगळ्यात आतला थर प्रायमर, त्याच्या लगेच बाहेरचा मूळ रंग. त्यावरून शेड मिळवा. पाटीवर हातानं रंगवलेली अक्षरं असतील आणि नळी त्यांवर बसलेली असेल, तर ती पुन्हा रंगवू नका. गेलेल्या जागीच भर घाला. दिवसा तीच पाटी असते.

गंज वायर ब्रशनं सैल करून काढा, मग उरलेला गंज निष्क्रिय करणारा फॉस्फोरिक आम्लाचा कन्व्हर्टर, धुऊन पूर्ण वाळवून झिंक फॉस्फेट प्रायमर, वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) एनॅमल. सँडब्लास्टिंग पातळ पत्र्याला झेपत नाही, तो लाटांसारखा वाकतो. भोकं पडलेली असतील तर तेवढाच तुकडा कापून त्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ वेल्ड करा. लोखंडी पत्र्यावर ॲल्युमिनिअमचे रिव्हेट मारू नका; ओल असली की दोन धातूंच्या सांध्यातच कुजतं, कोकणात तर लवकर.

पेटीच्या सगळ्यात खालच्या कडेला दर दोन फुटांवर 6-8 मिमीची निचऱ्याची भोकं हवीत. मूळ भोकं असतील, पण रंगाच्या थरांनी बुजलेली असतील. वरून सिलिकॉननं सगळं घट्ट बंद करणं ही नेहमीची चूक. पाणी तरीही शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. मागच्या बाजूला जाळी लावा, चिमण्या आणि वटवाघळं आत येणार नाहीत.

चौकटीकडे दुर्लक्ष नको. भारतीय मानक 875च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुणे-नाशिकला 39 मीटर प्रति सेकंद आणि मुंबई-नागपूरला 44 धरलाय. 39ला दाब येतो वेगाच्या वर्गाच्या 0.6 पट, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन. तुमची पाटी साडेचार चौरस मीटरची. म्हणजे बाकीचे गुणक धरण्याआधीच सव्वाचारशे किलोंचा रेटा. छज्जात गाडलेले बोल्ट पन्नास-साठ वर्षांचे असतील तर त्यांवर विश्वास टाकू नका. रंग लावून ते झाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

अरुंधती_टल्सा

इथे अमेरिकेतल्या ओक्लाहोमात रूट 66 हा जुना महामार्ग जातो आणि त्याच्या काठच्या निऑन पाट्यांचं काम गावोगावी चालतं, म्हणून पैशांच्या आणि लोकांच्या बाजूनं लिहिते.

आमच्या टल्सा शहरातली ‘मेडो गोल्ड’ या दुग्धपदार्थांच्या ब्रँडची मोठी पाटी ज्या इमारतीवर होती ती पाडली जाणार होती. 2004 मध्ये पाटी तुकड्या-तुकड्यांनी उतरवून ठेवली आणि 2009 मध्ये त्याच रस्त्यावर नव्या जागी उभी करून पेटवली. मध्ये पाच वर्षं गेली. पैसा जमेपर्यंत ती साठवलेली होती, भंगारात गेली नव्हती, एवढ्यामुळे ती आज आहे. तुमच्याकडे वर्गणी एका वर्षात जमली नाही तरी चालेल. उतरवलेल्या नळ्या कोरड्या खोलीत कुलुपात ठेवल्या की घाई उरत नाही.

राष्ट्रीय उद्यान सेवेचा रूट 66साठीचा कार्यक्रम अर्धा-अर्धा खर्च वाटून घेणारं अनुदान द्यायचा. टल्सा शहरानंही निऑनसाठी अनुदान ठेवलं, निम्मा खर्च, सुरुवातीला कमाल 10,000 डॉलरपर्यंत. अट साधी होती: मालकानं आधी आपला निम्मा वाटा उचलायचा. गावातल्या वर्गणीलाही ही रीत लावता येईल. नाट्यसंस्था निम्मे घालेल तेव्हाच बाकीच्यांचे निम्मे.

पोलंडमधल्या वॉर्सातली ‘शियात्कार्का’ ही निऑन पाटी म्हणजे चेंडू टाकणारी व्हॉलीबॉलपटू. ती 2006 मध्ये पुन्हा पेटली, ती पाउलिना ओवोव्स्का या चित्रकर्तीच्या पुढाकारानं. तिथे पुढे निऑनचं संग्रहालयच झालं, 2012 मध्ये. हाँगकाँगमध्ये उलट घडतंय. सुरक्षेच्या नियमांखाली रस्त्यांवरच्या पाट्या भराभर उतरल्या. काही संग्रहालयात गेल्या, बाकीच्या मोडीत. पाटी सुरक्षित आहे हे कागदावर दाखवता आलं नाही की तिच्यावरचं प्रेम कामाला येत नाही. म्हणून इंजिनिअरचा दाखला आणि विद्युत तपासणीचा अहवाल यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत घाला.

अमेरिकेतून कुणी जुना ट्रान्सफॉर्मर पाठवतो म्हणालं तर नको म्हणा. इथले 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचे असतात. व्होल्टेज जुळवलं तरी 50 हर्ट्झवर त्यांचा लोखंडी गाभा संपृक्त होऊन तापतो.

वेशीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. विद्युतसखा, ‘मं’ पावसानंतर जास्त लुकलुकायचा, असं थिएटरच्या जुन्या ऑपरेटरांनी सांगितलं. उन्हाळ्यात जवळजवळ स्थिर असायचा.

काल दिवसाउजेडी, स्विच काढलेला असताना, मागून पाहिलं. ‘मं’च्या एका टोकाच्या चिनीमातीच्या टोपणाला उभी चीर आहे आणि तिथून पत्र्यापर्यंत झाडाच्या मुळासारख्या काळ्या बारीक रेघा गेल्यात. ‘त्र’च्या खालच्या टोकाला काच आणि इलेक्ट्रोडचा सांधा आहे तिथे अर्ध्या इंचाची तड दिसते. ‘चि’ला काहीच दिसत नाही.

दोन प्रश्न. तोवर एलईडी फ्लेक्स (निऑनसारखी दिसणारी लवचिक एलईडी पट्टी) लावून काम भागवावं का? आणि परवानगी कुणाची?

विद्युतसखा

त्या काळ्या रेघा म्हणजेच कोळशाची वाट. ओल आली की प्रवाह त्या वाटेनं पत्र्यात उतरत होता आणि ‘मं’ उपाशी राहत होता. नळी निर्दोष असण्याची दाट शक्यता आहे. टोपण बदला. पत्र्यावरच्या त्या रेघा नुसत्या पुसू नका, तेवढा रंग पत्र्यापर्यंत काढून नव्यानं लावा. कार्बनचा मागमूस राहिला तर ठिणगी पुन्हा तिथूनच जाईल. टोपण आणि पत्रा यांतलं अंतरही वाढवा. उघड्या धातूच्या टोकापासून अर्थिंग असलेल्या पत्र्यापर्यंत 38 मिमी मोकळे ठेवा.

‘त्र’चा ट्रान्सफॉर्मर तपासायला विसरू नका. मालिका तुटलेली असताना तो महिनोन् महिने चालू राहिला असेल तर त्याच्या दोन टोकांवर सतत पूर्ण 10,000 व्होल्ट राहतात आणि इन्सुलेशनवर जास्तीत जास्त ताण येतो. नळ्या पेटलेल्या असताना हा दाब बराच उतरलेला असतो. एका काळ्या अक्षराकडे दुर्लक्ष केलं की पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जातो, तो या कारणानं.

परवानगी. महानगरपालिका असती तर 1949च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम 244 आकाशचिन्हांसाठी (इमारतीवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या पाट्यांसाठी) आणि 245 जाहिरातींसाठी. तुमच्याकडे नगरपरिषद असणार. अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे करा आणि त्यात ‘इमारतीचं नाव दाखवणारी अस्तित्वातली पाटी, दुरुस्ती’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे नव्या जाहिरातफलकाच्या रकान्यात ती जाणार नाही. 13 मे 2024ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जण गेले, तेव्हापासून स्थैर्याचा दाखला सगळीकडे मागतात आणि ते योग्यच आहे. विजेसाठी विद्युत निरीक्षकांना लेखी कळवा. 1956च्या वीज नियमांत उच्चदाबाच्या दीपनळ्यांच्या पाट्यांसाठी नियम 71 स्वतंत्र होता. आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023चे सुरक्षा विनियम लागू आहेत. अर्ज परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच जाऊ दे.

काचनळी

‘त्र’ची तड सांध्यावर आहे, म्हणजे अक्षर वाचलं. ते टोक कापून नवा इलेक्ट्रोड आणि नवा गॅस, एवढंच. दुसऱ्या टोकाचाही इलेक्ट्रोड त्याच वेळी बदलून घ्या. जुना आणि नवा एकत्र ठेवले तर जुना आधी मरतो आणि पुन्हा तेवढाच खर्च येतो. ‘चि’ टेस्टरवर उजळला तर त्याला हात लावू नका.

एलईडी फ्लेक्सबद्दल माझं मत ठाम आहे: तात्पुरतं म्हणूनही त्याच पेटीवर नको. फ्लेक्सला लहान वळण जमत नाही. अनुस्वार आणि ‘त्र’ची गाठ तो ओबडधोबड करतो. त्याच्या क्लिपांसाठी पत्र्याला शंभरेक नवी भोकं पडतात आणि जुने काचेचे आधार काढून फेकले जातात. ते आधार पुन्हा मिळवणं नळी मिळवण्याइतकंच अवघड आहे. नाटकाच्या दिवशी उजेड हवाच असेल तर छज्जाखाली साधे दिवे लावून पाटीवर मंद प्रकाश सोडा, रंगवलेली अक्षरं असतील तर ती त्यात छान दिसतात. निळ्या रेघेची नळी पुढेमागे फुटलीच तर खोली हवेशीर करा, ओल्या कागदानं तुकडे आणि भुकटी उचलून बरणीत बंद करा. व्हॅक्यूम क्लीनर किंवा झाडू फिरवला तर पारा घरभर होतो. बरणी अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

विद्युतसखा

आणि वर चढवण्याआधी सगळी पाटी जमिनीवर, कार्यशाळेत, उभ्या स्थितीत जोडून पेटवा. पहिल्या तासाला मिलिअँपिअर लिहून ठेवा, मग चोवीस तासांनी पुन्हा. त्या रात्री सगळे दिवे मालवून पेटीच्या मागून बघा: तारेभोवती निळसर-जांभळी धूसर कड दिसली किंवा ओझोनचा तिखट वास आला तर तिथे तार पत्र्याच्या फार जवळ आहे. खडूनं खूण करा, पुरवठा बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मगच हात घाला. चढवल्यावर हीच तपासणी पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री पुन्हा करायची आहे, म्हणून शिडी लावायची जागा आत्ताच ठरवून ठेवा.